अठ्ठाविसावा तास

हॅमिल्टन. फेब्रुवारी. खिडकीबाहेर पोलादाच्या कारखान्याची धुराडी,
त्यांच्यामागे गोठलेलं बंदर.
टेबलावर शूर्ड हुकस्ट्राची फाइल,
मुक्काम लेवार्डन, नेदरलँड्स, वय चौतीस.
पदवी: उपयोजित विज्ञानातली बॅचलर. विषय पाणी.

माझं काम सोपं आहे.
कुणाच्या चार वर्षांना इथली किती वर्षं म्हणायचं
तेवढं सांगायचं, खाली सही.
सतरा वर्षं सांगतेय.
मापात पाप करत नाही, असा समज होता.

त्याच्या गावी त्या संस्थेला 'उंच शाळा' म्हणतात,
विद्यापीठ म्हणायची मुभा नाही.
सरहद्द ओलांडली की तीच इंग्रजीत विद्यापीठ होते,
प्रवासापुरते नवे बूट घालावेत तशी.
आणि टोरांटोत हेच दोन शब्द ज्याच्या कागदावर
तो इंजिनिअर व्हायला निघालेला असतो.
मेलबर्नहूनही आले होते एकदा, हेच शब्द,
एका बाईच्या फाइलीत.
ती लोकांचे दुखरे पाय तपासायची.
पाटी एक, दुकानं तीन.

मग मी क्रेडिटं मोजायला घेतली.
दोनशे चाळीस. शेजारच्या फाइलीत
कुओपिओच्या आइला केम्पाइननचीही दोनशे चाळीस.
बरोबरी झाली म्हणून पेन उचललं,
तेवढ्यात तळटीप दिसली:
डच क्रेडिट म्हणजे अठ्ठावीस तास अभ्यास,
फिनिश क्रेडिट, सत्तावीस.

हा एक तास कुठे गेला?
बाल्टिकमध्ये पडला, की आइला लवकर शिकते?
आम्ही तर तो धरतच नाही. आमचं मापटं निराळं:
वर्गात बाकावर बसलात तेवढे तास खरे,
रात्री वहीशी बसलात ते तुमचे तुम्ही.

दोनशे चाळीस वेळा एक तास.
मी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला.
दहा दिवस. दहा रात्री.

फाइलीच्या तळाशी एक पत्र होतं, यादीत नसलेलं.
पंपघराच्या मुकादमानं लिहिलेलं, शाईवर चिखलाचा अंगठा:
"तिसऱ्या वर्षी पोरगा आमच्याकडे शिकाऊ होता.
कालव्याला फुगवटा आला त्या आठवड्यात
नऊ रात्री इथेच झोपला, म्हणजे झोपला नाही.
बेअरिंगचा आवाज बदलला की त्याला आधी कळायचं.
यंत्राला कान लावून ऐकतो. हे कुठल्या रकान्यात बसतं, मला ठाऊक नाही."

मलाही नव्हतं.
पेट्रीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले,
"पत्र छान आहे. तीन वर्षं लिही."

मी तीन वर्षं लिहिलं.

आमच्या घरात चमच्यांच्या खणात
एक पितळी पाटी होती, वडिलांच्या नावाआधी तीन अक्षरं, इंज.
कातोवित्सेत ती दारावर असायची.
इथे ते नाव लावायला परवाना लागतो,
म्हणून ती काट्यांखाली राहिली.
जेवण वाढताना खडखडायची.
आई म्हणायची, विकून टाका.
ते म्हणायचे, असू दे, वजनाला बरी.

एप्रिलमध्ये शूर्डचं कार्ड आलं. तक्रार नव्हती.
पुन्हा पहिल्या वर्षाला बसलाय, अठरा वर्षांच्या पोरांत.
पुस्तकात पंपाचा धडा आहे,
चित्रातला पंप त्यानं दोनदा खोललेला,
आणि चित्रात झडप उलटी काढलीय.
हात वर करू का, असं विचारलं होतं त्यानं.
मला. जणू मी मास्तरीण.

कर, असं लिहिलं. पाठवलं.

दहातल्या नऊ रात्रींचा हिशेब त्या पत्रात आहे.
दहावी माझ्याकडे निघते.
पावणेदोन वाजलेत, खण उघडा,
पाटीवर तिघांपैकी दोनच अक्षरं वाचता येतात,
आणि फ्रिजचा आवाज मघापासून
जरासा बदललाय असं वाटतंय.